खडकानं परत दिलेलं

सोमवार, ६
काल लिहिलं की काका मला न्यायला फलाटावर आले. ते चूक आहे. काका जीपमध्येच बसून होते. माझी ट्रंक उचलायला आला तो सुरुंगवाला. ट्रंकेत दगड भरलेत का, असं त्यानं विचारलं. इथं ते फुकट मिळतात म्हणाला. मी इतकी हसले की काकांनी हॉर्न वाजवला.

शाळेत जाण्याआधी मी काकांकडेच शिकले, स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं. आता नोकरीही त्यांच्याच हाताखाली. राहायलाही त्यांच्याकडेच, काकूनं खिडकीजवळची खाट दिली आहे.

काम असं: जमिनीवर छोटा सुरुंग उडवायचा. बोअरमध्ये सोडलेली दोन यंत्रं, एक वर, एक खूप खोल, हादरा टिपतात. खाली पोचेपर्यंत तो किती दुबळा झाला, ते मी काढायचं. वायू असलेल्या थरात तो जास्त विरतो, म्हणून कंपनीला हा आकडा हवा.

बुधवार, ८
आज माझा आकडा उणे आला. म्हणजे खालचा हादरा वरच्याहून जोरदार! पुन्हापुन्हा तपासलं. काका म्हणाले, अगं वेडाबाई, खडक खातो, ओकत नाही. उणे आला की गोंगाट समजून टाकून द्यायचा, सगळे तेच करतात. मी टाकून दिला.

जरा वेळानं जेवताना आमच्या जीपच्या ड्रायव्हरची करंगळी मोडली. नुसता घास उचलत होता बिचारा.

शनिवार, ११
पुन्हा उणे, आधीपेक्षा मोठा. टाकून दिला. थोड्याच वेळात चहा ओतताना सुरुंगवाल्याचा हात कोपराखाली फुटला. कोणी शिवलंही नव्हतं. हाड कातडी फाडून बाहेर आलं, किटलीवर रक्त उडालं. तो आधी हसला, म्हणाला, ताई, हा कुणाचा हात? मग किंचाळायला लागला. डॉक्टर म्हणाले, आतून घण घातल्यासारखं दिसतंय.

सोमवार, १३
टाकलेले आकडे परत काढले. लहान उणे, करंगळी. मोठं उणे, हात. आपण खाली पाठवतो त्याहून जास्त परत येतं, आणि ते कुणाच्या तरी हाडांत शिरतं.

आजचा सगळ्यांत मोठा होता. मी धावत बाहेर गेले. ड्रायव्हर जीपच्या चाकाशी पडलेला. जबड्याचा चुरा. दात शर्टावर. बरगड्या एकामागून एक मोडताना ऐकू येत होत्या — तो मेला, तरी मोडतच होत्या —

मंगळवार, १४
काकांनी जीपचा अपघात असं लिहून पाठवलं. मी सगळं मांडून दाखवलं. भीतीनं गणित करायला मी तुला शिकवलं का, म्हणाले. मी म्हटलं, उत्तर आवडलं नाही म्हणून खोडायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. ते लालबुंद झाले. परवा, गुरुवारी, सुरुंगात दसपट दारू भरणार. आणखी खोलवरचं दिसायला हवं म्हणे. बटण ते स्वतः दाबणार.

जेवताना काकूच्या मनगटांकडेच बघत होते. किती बारीक हाडं आहेत तिची.

बुधवार, १५
काकूला म्हटलं, आजच बहिणीकडे जा. ऐकेना. शेवटी खरं सांगितलं, फक्त तिलाच — गुरुवारी सकाळी सुरुंगाची वायर अंथरली की मी ती तोडणार. काकांनी हाकललं तरी चालेल. ती रडली. नवऱ्यापासून तिनं आजवर काही लपवलेलं नाही —

काका ताटावरून अर्धवट उठून गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भोंगा. सुरुंगाआधीचा भोंगा वाजतोय.

काकू अंगणात कपडे वाळत घालतेय. मी ओरडले. ती म्हणतेय, घाबरू नकोस गं, यांनीच सांगितलंय, आजच उरकून टाकू म्हणजे पोरीच्या डोक्याचा ताप —

तिचा हात दोरीवर — असा का वळला —

पण आज बुधवार आहे. मी तर गुरुवारी —