चुकीच्या वर्गातले तीन रविवार

अगं आई,

तू गेल्याला आठ महिने झाले आणि आज पहिल्यांदा तुला लिहितेय. काल मी तुझी गोष्ट माझी म्हणून चारचौघींत सांगितली. दुसऱ्या कुणाकडून नाही, ते माझ्याकडूनच तुला कळायला हवं.

मी पिते हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तू एकदाच बोललीस. मी ओट्याजवळून गेले आणि भाकरी थापता थापता तुझा हात थांबला. "सुजा, तुज्या अप्पावानी वास येतोय गं." एवढंच. तीस वर्षं तो वास नवऱ्याच्या अंगाला सोसलास, आणि शेवटी लेकीच्या तोंडाला. त्यानंतर मिलिंद घरी यायच्या वेळेला तू माझ्या हातावर ओवा ठेवायचीस. का ठेवायचीस गं? एकदा तरी त्याला सांगायचं होतंस. जावयापुढे माझी लाज राखलीस आणि मला रान मोकळं झालं.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशीही मी सकाळीच घेतली होती. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते. पाचव्या शीलापाशी, दारूपासून दूर राहीन म्हणायच्या जागी, माझा आवाज बसला. मामीने मला जवळ ओढलं. "आईवर लई जीव हुता हिचा," ती म्हणाली आणि सगळ्या बायका रडल्या.

तीन आठवड्यांपूर्वी मोबाईलवर शोधून मी एक नंबर लावला. दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे एकत्र बसतात, बोलतात, अशी मीटिंग नगरमध्ये होते म्हणे. मी तोंड उघडायच्या आत पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, साहेबांना घेऊन या. नाहीच आले तर तुम्ही एकट्या या." मी बरं म्हटलं.

सावेडीतली एक शाळा, रविवारी सकाळी अकराची वेळ. दाराशी एक जण उभा होता. "घरच्या मंडळींची मीटिंग शेजारच्या वर्गात, ताई," हे तो इतक्या अदबीने म्हणाला की मी मुकाट शेजारच्या वर्गात गेले.

तिथे सगळ्या बायका. लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेल्या. राहात्याहून एक मावशी येतात. त्यांचं नाव सांगत नाही, तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं. तुला सांगितलेलं चालत असेल ना? त्या म्हणाल्या, "आमचं येडं प्यालं की म्हशीला अहोजाहो करतंय, अन् मला अगंतुगं." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग माझी पाळी आली.

मिलिंद सुपारीसुद्धा खात नाही. त्याच्याबद्दल काय सांगणार? मी तुझं सांगितलं. जयंतीच्या मिरवणुकीच्या वाटेवर अप्पा पडले, तेव्हा शेवटचा ट्रक जाईपर्यंत त्यांच्या तोंडावर पदर टाकून तू तिथेच बसलीस, ते. सगळं 'मी' म्हणून सांगितलं. बायकांनी माझे हात धरले. घरी येऊन त्याच दुपारी मी प्यायले. पुढच्या रविवारी अप्पांनी अंगणात फेकलेलं कालवणाचं पातेलं सांगितलं, आणि परत प्यायले. तुझं दुःख पांघरून मी तिथे ऊब घेत होते गं.

काल तिसरा रविवार. अप्पांनी आतून कडी लावली आणि तू मला घेऊन विहाराच्या पायरीवर बसलीस, ते सांगत होते. "माझी पोरगी सहा वर्षांची होती," मी म्हणाले.

"मंग आता कशी हाय ती?" मावशींनी विचारलं.

ती पोरगी मीच ना? तोंडून निघून गेलं, "ती पिते."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू व्हय?"

मी मान हलवली.

"मंग हितं काय करती? ऊठ." दंडाला धरून त्यांनी मला पलीकडच्या वर्गात नेलं आणि दारातूनच त्या माघारी गेल्या.

तिथे सात पुरुष होते. एकाने बाकावरची पिशवी उचलून जागा केली. मी नाव सांगितलं. मी पिते, असं म्हटलं. "बसा ताई," एक जण म्हणाला. कुणी डोळे मोठे केले नाहीत, कुणी कीवही केली नाही. चहा आला.

निघताना एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "घरी कुणाला माहीत आहे?"

"आईला."

"बरं झालं. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

आई, मी कप खाली ठेवला आणि तशीच बाहेर आले.

तू गेलीस ती दुपार मी दोन्हींपैकी कुठल्याच वर्गात सांगितलेली नाही. मिलिंद कामावर होता. मी आतल्या खोलीत पिऊन पडले होते आणि तू न्हाणीत पडलीस. आपल्या दोघींच्या मधे एक भिंत होती. पाचला तो आला तेव्हा तू गार झाली होतीस. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी नव्हतं का?" मी म्हटलं, ताप होता, गोळी घेऊन झोपले होते. मिलिंदने तेच खरं धरलं, आणि वर माझीच समजूत काढत राहिला. अजून काढतो.

तू हाक मारली होतीस का? किती वेळा मारलीस? शेवटी शेवटी रागावली होतीस, की मला उठवायला नको म्हणून गप्प राहिलीस? यातलं कुठलं खरं असलं म्हणजे मला सोसेल, तेही मला ठरवता येत नाही.

आज सोमवार. सकाळपासून घेतलेली नाही. हात थरथरतोय, अक्षर बघ. एकटीने एकदम सोडायला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा, असं कालच्या माणसांनी बजावलंय. मी उद्या जाणार आहे, पण कुणाबरोबर?

परत कधीच पिणार नाही, असं वचन देत नाही. माझी तसली वचनं तू ऐकली आहेस. एकच देते. मिलिंद थोड्या वेळात येईल. पायातले बूटही काढायच्या आत तो विचारेल, "बरी आहेस ना?" तेव्हा मी त्याला खाली बसवीन आणि ती दुपार सांगेन, सगळी. मग तो माझ्याबरोबर उद्या येईल की घराबाहेर जा म्हणेल, मला माहीत नाही. पण तू कशी गेलीस, ते आज त्याला खरं कळेल.

तुझीच,
सुजा