विहीणबाईंचं पुरळ

४ फेब्रुवारी

विहीणबाईंना पुरळ आलं! पाठभर, लालभडक. आणि सिस्टर म्हणते काय — "कधीकधी ही चांगली खूण असते, आजी. इम्युनोथेरपीनं अंगातली फौज जागी होते, मग ती कातडीवरही हात चालवते."

माझी फौज मेली घोरतेय! दोघींचा कॅन्सर फुप्फुसाचा, दोघींना एकच औषध, खुर्च्या शेजारी शेजारी. मान मात्र त्यांना.

अक्षर लेकीचं, बोल माझे. "आई, माझ्या सासूबद्दल असं लिहू?" लिही! मला अक्षर येत नाही म्हणून काय पोटातच ठेवू?

९ फेब्रुवारी

आरशात पाठ पाहिली. गुळगुळीत. शी!

१७ फेब्रुवारी

विहीणबाई आल्या होत्या. बसायच्या आधीच बाही वर, पुरळ आता हातांवरही. "खाज काय सांगू, जीव नकोसा झालाय!" मिरवतायत नुसत्या! लेकीच्या लग्नात हार मिरवला तश्शा. मी म्हटलं, "आम्हाला बाई काहीच होत नाही." तोंडात साखर, पोटात आग.

२५ फेब्रुवारी

आज मी दिवे लावले. निघण्याआधी मोरीत भांड्यांच्या तारेच्या घासणीनं दोन्ही हात घासले. झकास लाल! डॉक्टरांपुढे धरले — "मलाही आलं बरं का!"

त्यांनी चष्मा वर केला. "आजी, मग आज सलाइन नको. आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखवू."

घ्या! विहीणबाईंचं पुरळ आधीच तपासून झालेलं, म्हणून त्यांचं सलाइन थेंब थेंब चाललंय आणि मी बाहेर बाकावर. अर्धा तास दम धरला. मग आत जाऊन सांगितलं, "घासणी आहे हो ती."

सिस्टर हसायला बाहेर पळाली. लेकीनं कपाळ बडवलं. सलाइन मिळालं, पण शेजारून — "विहीणबाई, मागितलं असतंत तर माझ्यातलं थोडं दिलं असतं!"

मेले लाजेनं.

१८ मार्च

विहीणबाईंच्या अंगावर फोड आले, तोंडातसुद्धा. पाणी गिळवत नाही. त्यांचं औषध बंद केलं. ऐकून मला बरं वाटलं. जरासंच. लिही गं, खोटं कशाला?

२ एप्रिल

दोघींचे स्कॅन आले. माझी गाठ निम्मी झाली, अंगावर एक डाग नसताना! विहीणबाईंची वाढली.

बाहेर आले तर त्यांनी पदर धरला. "तुमचं काय म्हणाले?"

"तुमच्यासारखंच," मी म्हटलं.