मागच्या सीटवर बाबा

६ डिसेंबर १९८१, एकोडी
रविवार. मोटारसायकल घेऊन चार महिने झाले (मी तिचा तिसरा मालक), आज पहिल्यांदा बाबा मागे बसले. भंडाऱ्याच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जायला नव्हे. मोतीबिंदूचं नाव काढलं की उठून जातात. म्हणाले, "करडीले नेतोस का? भागीले पाहून येतो." भागीआत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, करडी गावात दिलेली. आजीच्या तेराव्याला दोघांचं बिनसलं, त्याला अठरा वर्षं झाली. कशावरून, ते दोघंही सांगत नाहीत.
वेशीपर्यंत ठीक. मोरीजवळच्या खड्ड्यात मागचं चाक ठक्कन आदळलं. गेल्या वर्षी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पडले तेव्हापासून बाबांची कंबर दुखरीच. "थांबव गाडी! माही कंबर तोडून राहिला का?" उतरले आणि काठी टेकत घराकडे चालू लागले. मी गाडी ढकलत मागे मागे.

८ डिसेंबर
इंदू म्हणते, बसनं न्या. बसच्या पायरीवर त्यांचा पाय चढत नाही. बैलबंडीनं दिवस जाईल आणि हाडं वेगळी होतील. दोघं नवरा-बायको चुलीपाशी बसून हेच बोलत होतो. बाबा आतल्या खोलीतून, "राहू द्या, मरून नाही राहिली भागी." म्हणजे ऐकत होते.

१० डिसेंबर
शाळा सुटल्यावर साकोली. सलामभाई मेकॅनिक गाडीभोवती एक फेरी मारून हसला. "गुरुजी, शॉकअप एकट्याच्या खाचेत है. मागं कोणी बसलं का स्प्रिंग पुरी दबते, मंग ठोकते." स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं असतं, त्याला तीन खाचा. आकड्याच्या पान्यानं कडं फिरवलं की स्प्रिंग कडक होते. चार महिने रोज गाडी पुसतो, हे कधी दिसलं नव्हतं.
"बाप वजनदार है का?"
म्हटलं, कुस्ती खेळलेला माणूस आहे.
"मंग शेवटची खाच." दोन्ही बाजू शेवटच्या खाचेत. पाना आठ दिवसांसाठी मागून आणला.

१३ डिसेंबर
आणखी बिघडलं. आता आदळत नाही, पण उडवते. साध्या दगडावरून गेलो तरी बाबा सीटवरून वीतभर वर. चिंचेपाशी उतरले. "हे घोडं लाता मारते, गोपाळ. राहू दे. नाही होत."
संध्याकाळी पाळीवर जाऊन बसलो. पाण्यावर धुकं उतरत होतं, पलीकडचा काठ नव्हताच. बाबांना सगळं जग असंच दिसत असेल. कोणी हाक मारली तर ती पाण्यातूनच आली असं वाटावं. किती वेळ बसलो, कोण जाणे.

१४ डिसेंबर
इंदू सहज म्हणाली, "पण बाबा आता कुठं एवढे आहेत?"
मग मोजलंच. गाडी अंगणात, इंदूकडे शिवणाची टेप. मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या नटापर्यंत. आधी रिकामी गाडी, मग मी एकटा, मग मागे बाबा. मी दोन्ही पाय रोवून गाडी धरलेली. इंदू खाली वाकून बघते आहे. "बोटभरच उतरली." पुन्हा बघ म्हटलं. तेवढीच.
उतरवायला काखेत हात घातले तर बाबा वरच आले. धानाचं अर्धं पोतं. तलावाचा सांडवा ओलांडताना मला खांद्यावर घेणारा माणूस. इंदूनं टेप गुंडाळली. 
बाबा मात्र खूश. उभ्या गाडीवर डोळे मिटून बसले होते. "चालूनच राहिली असं वाटलं मले."

१५ डिसेंबर
मधली खाच. पण घाईत उजवीकडचं कडं फिरलंच नव्हतं, वळणावर मागचं चाक डोलायला लागलं. दोन्हीकडे सारखं केलं. चाकातली हवा थोडी कमी. मग अर्धं पोतं धान सीटवर बांधून मोरीच्या खड्ड्यातून मुद्दाम तीनदा गेलो. ठोकत नाही, उडवत नाही. एक दमदार झुला, बस्स. लोक बघत होते. बघू देत.

२० डिसेंबर
करडीला गेलो!!
सकाळी ऊन पडल्यावर निघालो, बैलाच्या चालीनं. शेतांत कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, मधे मधे तलाव. बाबा माझ्या पाठीला कपाळ टेकून. झोपले म्हणावं तर मागून आवाज, "डाव्या हाताले तलाव आला न?" आला होता. "थंडावा लागला." पुढच्या तलावालाही तसंच. त्यानंतर मीसुद्धा थोडा वेळ डोळे किलकिले करून चालवली. रस्ता, पाणी, आकाश सगळं एकाच रंगाचं. हा रस्ता संपू नये असं वाटलं. कुठं चाललोय ते विसरलोच होतो.
आत्या अंगणात धान पाखडत होती.
"कोण?"
"मी," बाबा.
सूप खाली ठेवलं तिनं. "अठरा वर्षानं रस्ता सापडला का?"
बाबा काठी टाकून पुढे झाले. आणखी पुढे. नाकाला नाक लागेपर्यंत. तिच्या गालावर हात फिरवला.
"भागे, धुकंच आहे वो. तुहं तोंडच नाही दिसत."
"मंग आला कायले?" म्हणाली, आणि रडायला लागली. मग पाय धुवायला पाणी.
जेवताना दोघं एका शब्दानं बोलले नाहीत. भात तीच वाढत होती.
परतताना दुसऱ्या तलावापाशी बाबा मागून म्हणाले, "त्या डाक्टरचं नाव काय म्हणलास?"

११ जानेवारी १९८२, भंडारा
बाबांना गाडीवरूनच आणलं, खाली गोधडीची घडी. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याला उशीर झाला. उजव्याचं करून बघू. खात्री देत नाही. बाबांनी विचारलं, "सुई टोचता का?" डॉक्टर म्हणाले, कळणार नाही. "मले कळते," बाबा. पण उठले नाहीत.

१३ जानेवारी
ऑपरेशन झालं. दुपारी आत्या बसनं एकटीच आली, डबा घेऊन. बाबांच्या डोळ्यांवर पट्टी. तिनं पायाला हात लावला तर म्हणाले, "भागी." कसं ओळखलं, विचारलं नाही.
मग दोघं बोलत बसले, बारीक आवाजात. मी बाहेर बाकावर. एकदा दोघंही हसले. तेराव्याचं काही निघालं का, कळलं नाही.

१९ जानेवारी
आज पट्टी सुटणार. आठवडाभर इथेच होती आत्या. आज पहाटेच आंघोळ करून हिरवं लुगडं नेसली. केस दोनदा विंचरले. मला कोपऱ्यात बोलावून विचारते, "मी लई म्हातारी झालो न रे? भिऊन जाईन तो." म्हटलं, नाही. तरी पदर सारखा नीट करते आहे.
बाबा खाटेवर ताठ बसलेले. "उभी कुठं आहेस?"
"तुह्या समोरच."
"उजव्या अंगाले ये. उजवाच केला."
ती सरकली.
व्हरांड्यात चपलांचा आवाज. डॉक्टर असावेत. लिहिणं थांबवतो.