मशीनचा आवाज

दि. ३ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही लेकीकडे नीट पोहोचलात हे कळलं. इकडे दादाची बोट मी हाती घेतली आहे. केबिनच्या भिंती आतून थिनरने पुसून काढल्या. न पुसता घासलं तर ओशटपणा फायबरमध्ये जिरतो आणि नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो, हे दादाचंच शिक्षण. उद्यापासून मशीनने घासायला बसतो. शेजारच्या बोटीचा रंग ओला आहे. धूळ उडाली की तो मालक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, म्हणून केबिनचं वरचं झाकण आतून लावून घेईन.

माया आहे तशीच ठेवा.
तुमचा दीर


दि. ७ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,
अ. आ.

झाकण लावू नका. आधी हे वाचा, बाकीचं नंतर.

तुमचे दादा हृदयाने गेले असं डॉक्टर म्हणाले आणि मी गप्प राहिले. त्या सकाळी त्यांनीही थिनरने पुसून झाकण ओढून घेतलं होतं, थिनरची वाफ आतच कोंडली. मी बोटीबाहेर खाली दोऱ्यांच्या गाठी सोडवत बसले होते. थोड्या थोड्या वेळाने बाहेरून ठोक, मी आतून ठोकीन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी ठोकलं नाही. मशीनचा आवाज येत होता ना. कमी व्हायचा, वाढायचा. कामात आहेत, कशाला त्रास द्यायचा, असं वाटलं. जेवणाची वेळ टळली तेव्हा झाकण उघडलं. ते पडले होते आणि मशीन त्यांच्या पायाशी फळीवर नाचत होतं.

हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही. इथे मिक्सर लागला तरी मी उठून तो बंद करते. दोनच ओळी पाठवा, पण तुमच्या अक्षरात.

आशीर्वाद आहेतच, ते घ्यायला धड राहा.
वहिनी


दि. ११ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी धड आहे. तुमचं पत्र आलं तोवर झाकण लावून चार दिवस घासून झालं होतं. डोकं ठणकत होतं आणि मी उन्हाला बोल लावत होतो. आता झाकण बिजागऱ्यांसकट काढून ठेवलं आहे. धूळ बसली तर तुझा रंग मी पुन्हा देईन, असं शेजाऱ्याला सांगितलं. कारण कळल्यावर माझ्यावर लक्ष ठेवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

काल मी मशीन चालू केलं, हात सोडला तरी चालत राहावं म्हणून दादासारखं बटण अडकवलं, ते केबिनच्या फळीवर ठेवलं आणि खाली येऊन तुमच्या जागी बसलो. आवाज कमी होत होता, वाढत होता. केबिन रिकामी आहे हे ठाऊक असूनही मी दोनदा वर बघितलं. बंद करायला मी चढलो नाही. शेजाऱ्याला पाठवलं.

उरलेलं हातानेच घासतो आहे. शेजारी बाहेरून हाका मारतो, ओ द्यायला उशीर झाला की शिव्याही घालतो. लेकीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण सांगाल तेव्हा हेही सांगा, की पंचवीस वर्षं ही मशीनं चालवणाऱ्या काकाने स्वतः बाहेर बसून ऐकलं, आणि आत माणूस पडला आहे हे त्यालाही कळलं नसतं.

तुमचा दीर