ताईच्या मापाचे कागद

आई,

ताईला सत्तरावं लागलं आणि माझ्या मुलीनं ठरवलं, की मावशीसाठी घरातल्या सगळ्यांची एक चिकटवही करायची. नातीला तू पाहिलं नाहीस. शिक्रापूरच्या एका कंपनीत असते, बोलताना निम्मं इंग्रजी बोलते, पण हट्ट सगळा तुझा. तिनं रंगीत जाड कागद आणले, नक्षीच्या चिकटपट्ट्या आणल्या आणि फोटो लावायचं काम माझ्याकडे दिलं. "तू जन्मभर पेपरात पानं लावलीस ना? मग लाव." मी लावली. मोठा फोटो वर, खाली दोन ओळी, सगळं तारीखवार. पेपरातल्या नोकरीनं एवढं तरी शिकवलंय, की काम वेळेत संपतं. शनिवारी वही तयार होती.

रविवारी ताई दौंडहून शिरूरला आली. चष्मा पुसून, बोट ओलं करून तिनं एकेक पान उलटलं. "आण्णा कसं ताठ बसल्यात बघ, जसं काय साहेबच," म्हणाली. माझ्या एका फोटोवर बोट ठेवून, "ह्यो झगा माझा व्हता. तुला आखूड करून दिला व्हता आईनं." शेवटचं पान झाल्यावर तिनं वही मिटली आणि माझ्या मुलीच्या हातात परत दिली. "छान झालीय गं तुमची वही."

"तुमची काय मावशी? तुझ्यासाठीच केलीय."

"व्हय व्हय," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

 मग मी वही पुन्हा चाळली. पहिली बरीच पानं ताई कुठेच नव्हती. ती शाळेत जायला लागली त्या सुमारास कपाळावर पहिला पांढरा डाग आला, मग हनुवटीवर, मग हातांवर. कोडाचं नाव घरात कुणी घेत नसे, पण दिवाळीत आण्णा आम्हाला स्टेशनजवळच्या स्टुडिओत न्यायला निघाले, की ताईचं पोट दुखायचं. तू म्हणायचीस, "ऱ्हाऊ द्या तिला. मी बी हाय घरी." फोटोत आण्णा आणि मी. माझ्या लग्नात ती मांडवभर फिरली आणि एकाही फोटोत नाही. कॅमेरा वळला की तिला पंक्तीत काहीतरी वाढायचं असायचं. आता मोबाइलसमोर ती खुशाल हसते. पण लहानपणची, तरुणपणची ताई कुठून आणायची? तिच्या सत्तरीची वही, आणि त्यात तीच पाहुणी. माझ्या मुलीचा चेहरा पडला होता. माझाही.

पुढच्या आठवड्यात मी न्हावऱ्यावरून एसटीनं दौंडला गेले. वहीचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही. ऊन चांगलं होतं म्हणून आम्ही तुझी जुनी गादी वाळत घालायला उचलली, आणि खाली तुझी कटिंगं दिसली. कपडा बेतण्याआधी तू पेपरवर माप आखून कापायचीस, ते कागद. चुरगळू नयेत म्हणून गादीखाली ठेवायचीस. आम्ही त्यांच्यावर झोपूनच मोठ्या झालो आणि ताई अजून त्यांच्यावरच झोपते. पाठी, बाह्या, गळे, सगळे पिवळे पडलेले, कडेला तुझी पेन्सिलीची खूण.

मला एकदम आठवतं. मी चौथीत आहे, इतिहासाच्या पुस्तकाला कव्हर घालायला यातलाच एक कागद ओढून घेतलाय, आणि तू मशीन थांबवून माझ्याकडे बघतेस. "अगं, ताईच्या पाठीत पुस्तक घालतीस व्हय? काढ आधी." तू पुस्तकावरून कागद सोडवतेस, हातानं घड्या मोडतेस, वर तांब्या ठेवतेस. मला रद्दीतला दुसरा पेपर मिळतो, पण दिवसभर तू माझ्याशी धड बोलत नाहीस.

मी कागद जमिनीवर पसरले आणि सवयीनं बातम्यांच्या तारखा वाचून क्रमानं लावायला लागले. सगळं उलटसुलट झालं. मोठी बाही आधी, छोटी नंतर. ताई पोट धरून हसली. "तू म्हंजी अगदीच पेपरवाली! अगं, रद्दी आणायची आई वाण्याकडनं. तारखेचा काय संबंध? खांदा बघ, खांदा." आणि ती माझ्या शेजारी बसली. हा शाळेच्या पहिल्या झग्याचा. हा फुगाबाहीचा, गणपतीतला. हा झाल्यावर ती एकदम उंच झाली म्हणून खाली पट्टी जोडलेली. हा गळा वर घेतलेला, कारण डाग मानेवर उतरला होता. हे तिनं सहज सांगितलं आणि पुढचा कागद घेतला. हा पहिला ब्लाउज. हा अंगणवाडीत नोकरीला लागली तेव्हाचा.

"माझे कुठं आहेत गं?" मी विचारलं.

"तुला कवा येगळा कागुद लागला? माझाच दुमडून तुझं बेतायची. फोटू तुझं, कागुद माझं," ती म्हणाली, आणि हातातल्या कागदाची घडी मोडत, "तुम्ही फोटूला जायचा ना, तवाच आई माझं माप घ्यायची. दार लावून. उगं हळूहळू घ्यायची. टेप गार लागायचा."

आई, हे मला माहीत नव्हतं.

वही आम्ही नव्यानं केली, माझ्याकडे शिरूरला. यावेळी पानं ताईनं लावली, मी फक्त डिंक लावून दिला. प्रत्येक पानावर आधी तिचा कागद आणि त्याच्या शेजारी, मावेल तिथे, आमचे फोटो. मोठे कागद घडी घालून चिकटवले, उघडले की पाठ पूर्ण पसरते. मुलीच्या नक्षीच्या पट्ट्यांपैकी एकच ताईनं ठेवून घेतली, गणपतीतल्या झग्याला. सगळ्यात लहान झग्याची पाठ तिनं स्वतःच्या छातीवर धरली, तर ती जेमतेम मंगळसूत्राच्या जागेएवढी. मंगळसूत्र तिच्या गळ्यात कधी आलं नाही, तरी मला तीच उपमा सुचली. "एवढीशी व्हते मी?" ती म्हणाली. मग वही पिशवीत घातली, कुणाला न विचारता, आणि दौंडला घेऊन गेली. परवा फोनवर सांगत होती, शेजारणींना दाखवून झाली, आता यवतच्या मैत्रिणीला दाखवायचीय.

वही करताना मुलीनं एकच विचारलं, "आजीचा नाही का एखादा कागद?" मी म्हटलं, नाही, आजी स्वतःचं जुन्या ब्लाउजवरूनच बेतायची. ताईनंही मान हलवली. तिला तसंच वाटतं. खरं म्हणजे एक होता, तळाशी. त्यावर पेन्सिलीनं फक्त "मी" लिहिलेलं. त्या दिवशी दौंडला ताई चहा करायला आत गेली तेव्हा मी तो माझ्या पर्समध्ये ठेवला. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे सांगून टाकते: काल दुपारी घरात कुणी नव्हतं, तर आरशासमोर लावून पाहिला. खांदा बरोबर बसतो. बाहीच्या मुंढ्यात जरा घट्ट होतोय.