डावऱ्याची हजेरी

३ ऑक्टोबर, शनिवार

मेलो म्हणे मी! आज दुपारी, तीनला दहा कमी असताना. मी अंगठ्याचं नख कापत बसलो होतो.

क्लबाचं मैदान आमच्या मागच्या गल्लीपलीकडे. मॅचच्या दिवशी मी खिडक्या लावून घेतो, तरी आवाज येतोच. खेळ सुरू व्हायच्या आधी ते आपली ती हजेरी घेतात. पंधरवड्यात जे जुने प्रेक्षक, खेळाडू वारले त्यांची नावं माइकवरून वाचायची, आणि प्रत्येकासाठी अख्ख्या पूर्व स्टँडनं 'हजर!' म्हणून ओरडायचं. नावं म्हणजे टोपणनावं. खरी नावं कुणाला माहीत असतात तिथं! आज तीन होती. 'पाववाला.' — हजर! 'शिट्टी.' — हजर! आणि मग जरा थांबून — 'डावरा.'

डावरा म्हणजे मी. सात वर्षं फुटबॉल खेळलो, डाव्या बगलेला, पुढे एकवीस वर्षं त्याच क्लबाचे बूट-कपडे सांभाळले. दुसरा डावरा त्या मैदानावर झालेला नाही.

नख वेडंवाकडं कापलं गेलं.

आणि वाचणारा कोण? माझा सख्खा थोरला भाऊ! चाळीस वर्षं तोच माइकवर. भोंगा म्हणतात त्याला. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही, कबूल. पण भाऊ आहे की गेला एवढं तरी माणसानं विचारून घ्यावं.

०–३. हरले. ते हरले. मी 'आपण' म्हणणं नऊ वर्षांपूर्वीच सोडलं.

४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठला न्हावी दारात. पांढरा शर्ट, पडलेला चेहरा. दार मीच उघडलं. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणतो, कालची आमची 'हजर' फुकट गेली की! दुःख कशाचं, तर घसा बसल्याचं.

दुपारपर्यंत सात जण. शिंपी तर आत येऊन बसला, चहा प्यायला, आणि उठताना हिला म्हणाला, काही लागलं तर सांगा वहिनी. मी समोर बसलेलो! बायकोची तर हसून मुरकुंडी वळली. म्हणे, 'अहो, जिवंतपणी कधी इतकी माणसं आली होती का तुमच्याकडे?'

न्हाव्याला सहज विचारलं, 'हजर' सगळ्यात मोठी कुणासाठी झाली? म्हणाला, पाववाल्यासाठी. त्या पाववाल्याच्या पावानं खिळा ठोकता आला असता.

५ ऑक्टोबर, सोमवार

क्लबाला पत्र लिहिलं. मागणी एकच — १७ तारखेच्या मॅचला त्याच माइकवरून, त्याच माणसानं वाचावं : 'डावरा जिवंत आहे. चूक माझी.' शब्द मीच लिहून दिले. दादाला कागदावर असेल तेवढंच वाचता येतं!

भांडण तेच तर होतं. नवे मालक आले, चकचकीत बूटवाले, ज्यांनी जन्मात चिखल पाहिला नव्हता. त्यांनी मला घरी बसवलं. मध्यंतरात दादानं ते जाहीर केलं. आधी 'पांढऱ्या गाडीच्या मालकानं गाडी हलवावी', मग मी, मग भिंतींच्या रंगाची जाहिरात. अठ्ठावीस वर्षं एका वाक्यात! रंगाला चार वाक्यं. मी त्याच्या खोलीत जाऊन विचारलं, दादा, तुला एक शब्द जास्त घालता आला नाही? तर म्हणाला, 'कागदावर असतं ते मी वाचतो.'

वाच म्हणावं. तेव्हापासून मी मैदानाची पायरी चढलो नाही.

६ ऑक्टोबर

उत्तर नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर नाही. न्हाव्याकडे दाढीला गेलो तर म्हणाला, मेलेल्यांकडून पैसे घेत नाही. दुकानभर हशा. मीही हसलो. हसावं लागतं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

दादा नव्हताच माइकवर! कुणी मुलगी होती. तिनं टोपणनावं अशी वाचली, जणू बसचे थांबे पुकारतेय. स्टँडही नुसता पुटपुटला. माझं नाव नाही, चुकीची कबुली नाही, काही नाही. वर क्लबानं आता एक कापडी कोंबडा आणलाय, आत माणूस असतो आणि तो टाळ्या मागत फिरतो. खेळून टाळ्या मिळत नाहीत, मग काय करतील! ०–२ हरले.

दादानं तोंड लपवलं, दुसरं काय. भित्रा आहे, आधीपासूनच.

आमची ही विचारते, 'खिडकी लावलेली असते ना तुमची? मग तीनला दहा कमी झाले की खुर्ची तिच्याजवळ कशी सरकते?' काचेला एक बोटभर फट ठेवतो मी, हवेसाठी.

१९ ऑक्टोबर, सोमवार

गेलो! नऊ वर्षांनी. मैदानात नाही, मागच्या दारानं ऑफिसात. माझी कपड्यांची खोली आता 'पाहुणे कक्ष' झालीय. बुटांना तेल लावायचं टेबल होतं तिथं खोटं झाड ठेवलंय.

कारकुनाला झाडलं. म्हटलं, असल्या याद्या करतोस तू! बिचाऱ्यानं फाईल काढली. हजेरीचे सगळे कागद जपून ठेवतात, प्रत्येकावर दादाची सही. ३ तारखेचा कागद माझ्यापुढे धरला. 'पाववाला. शिट्टी.' खाली कोरं.

दोनच नावं.

कारकून म्हणाला, आम्हालाही कळलं नाही हो. भोंगाकाका कागदाबाहेरचं कधी वाचत नाहीत. एकदा कागदांत चुकून चहाची यादी गेली होती, तीही वाचली त्यांनी, दोन बिनसाखरेचे धरून.

मी कागद उलटून पाहिला. मागेही काही नव्हतं.

म्हणजे चूक नव्हे. मुद्दाम! जिवंतपणी भावाला पोचवलं त्यानं. नऊ वर्षांचा राग असा काढतात? उद्या जातो त्याच्या घरी. तोंडावर विचारतो.

२० ऑक्टोबर, मंगळवार

दार वहिनीनं उघडलं. मी ओरडायची तयारी करूनच गेलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'हळू बोला भाऊजी, हे मोठ्यानं उत्तर द्यायला जातील.'

दादा खिडकीशी बसला होता. गळ्याभोवती मफलर. वाळलाय. समोर गरम पाण्याचा पेला. 'ये' म्हणाला, आणि मला ते ऐकूच आलं नाही, ओठांवरून कळलं. ज्याचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून यायचा तो माणूस!

घशात गाठ आहे. वाईट. २७ला ऑपरेशन — स्वरयंत्रच काढणार. जगेल, पण बोलणार नाही. महिन्यापूर्वीच कळलं होतं. ३ तारखेची मॅच त्याची शेवटची होती, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, कागदावर नव्हतं ते का वाचलंस?

शब्दाशब्दाला थांबत बोलला. 'तू कधीतरी जाणारच. तेव्हा मी असलो तरी आवाज नसणार. तुझं नाव दुसऱ्या कुणी वाचलेलं मला चालणार नव्हतं.' पाणी प्यायला. मग म्हणाला, 'त्या वेळी एका वाक्यात उरकलं मी तुझं. तेव्हा तर आवाज होता.'

मी म्हटलं, पण 'हजर' पाववाल्यासाठी मोठी झाली. तो हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. वहिनी माझ्यावर चिडली.

घरी येऊन भांडी घासली. ही विचारत राहिली, काय झालं, काय झालं. सांगता सांगता रडलो. सगळी भांडी पुन्हा धुवावी लागली, साबण तसाच राहिला होता.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

झालं ऑपरेशन. साडेपाच तास. हॉस्पिटल मैदानाच्या उत्तरेच्या गोलामागेच. बाकावर बसून तो रिकामा गोल पाहत राहिलो. जाळीला भोकं आहेत, आणि कोंबडा शिवून घेतात!

२९ ऑक्टोबर, गुरुवार

दादा शुद्धीवर. गळ्याला नळी. पाटी दिलीय लिहायला. मला पाहून लिहिलं : 'शनिवारी तू वाच.'

मी म्हटलं, वेडा आहेस का! मी त्या बूटवाल्यांच्या मैदानात पाय ठेवत नाही. माझा आवाजही चिरका. आणि मेलेला माणूस हजेरी कशी घेईल? स्टँड पळून जाईल.

त्यानं पाटी पुसली. पुन्हा तेच लिहिलं, मोठ्या अक्षरांत. पाटीवरही भोंगाच!

३१ ऑक्टोबर, शनिवार

वाचली हजेरी. कागदावर चार नावं होती. पाचवं कागदावर नव्हतं — 'भोंग्याचा आवाज.'

स्टँडला कळायला क्षणभर लागलं. मग जी 'हजर!' उठली, ती पाववाल्याच्या बापजन्मात झाली नव्हती. उत्तरेच्या गोलामागे, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, वहिनीनं खिडकी सताड उघडून ठेवली होती.

पुढे ०–४. हरलो.

हरलो असं लिहिलंय मी. राहू दे.