जाफराबादची पेटी

जालना

प्रिय अक्षता,

सप्रेम जयभीम. तुझा मेसेज येऊन महिना होत आला. जालन्याकडे सुतारकामाची जुनी, चांगली हत्यारं कुठे मिळतील, एवढंच तू विचारलं होतंस. नाशिकला लाकूडकामाचं छोटं वर्कशॉप टाकलंस, बाजारातल्या नव्या पटाश्यांची धार दोन दिवसांत जाते, आणि पप्पांना विचारलं तर ते उठून गेले, म्हणून आत्याला विचारते, असं तू लिहिलंस. उत्तर फोनवर मावण्याएवढं लहान राहिलं नाही, म्हणून कागद घेऊन बसले. पस्तीस वर्षं शाळेत बोलायची सवय, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घे.

पहिल्यांदा मी जुन्या जालन्यात गेले. धान्याच्या दुकानांमागच्या गल्लीत राधेश्याम म्हणून एक भंगारवाले आहेत. त्यांना माझ्या मागणीचं हसू आलं. म्हणाले, जालन्यात लोखंड भंगार म्हणून फार दिवस राहत नाही; ते भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर पडतं. खेड्यांतून येणाऱ्या पोत्यांत जुनी हत्यारं असतात, पण निवडायला वेळ कुणाला? दुपारी गाडी भरते, त्याआधी या. मी चार सकाळी गेले. पालथ्या बादलीवर बसून ढीग चाळला. दोन पटाश्या आणि काटकोन तपासायचा एक गुण्या मिळाला, ते तुझ्यासाठी ठेवलेत. गंजाला घाबरू नकोस. वरवरचा गंज डिझेलमध्ये भिजवून घासला की निघतो. खड्डे पडलेलं पातं मात्र घेऊ नये. जुन्या पटाशीच्या धारेजवळ एक बारीक रेघ दिसते, तिथे मऊ लोखंडाला पोलाद जोडलेलं असतं. करवत हलकेच वाकवून सोडावी. आपणहून सरळ झाली तरच घ्यावी.

हे सगळं मला दादांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, शिकवलं. आमच्या वस्तीत रंधा हातात धरणारे ते पहिले. सुताराच्या घरात त्यांना कुणी शिकवलं नसतं, म्हणून ते जालन्यातल्या एका उस्तादांकडे सात वर्षं भुसा झाडत झाडत शिकले. मोठी करवत ओढायला दुसऱ्या टोकाला मी असायचे. लोक त्यांना कडूबा मिस्त्री म्हणायचे, आणि ‘मिस्त्री’ हा शब्द कानावर आला की माझी मान ताठ व्हायची. राधेश्यामांच्या ढिगाशी मी बसले होते तुझ्यासाठी, पण नजर दादांचंच काही शोधत होती. मिळणार नाही हे माहीत असूनही. त्यांची हत्यारं अकरा वर्षांपूर्वी भंगारात गेली, अशी माझी खात्री होती. कुठे नवी इमारत उठत असली आणि वर सळया दिसल्या, की वाटायचं, यातल्या एखादीत दादांचा लाकूड तासायचा वाकस असेल.

मग मी वाटूरला गेले. तिथल्या सोनूबाईंचे मालक नावाजलेले सुतार होते, ते गेल्यावर मुलांनी मशिनी घेतल्या. सोनूबाईंनी आधी मला चहा दिला, मग माझे प्रश्न ऐकले, मग तुझ्याबद्दल विचारलं. पोरगी खरंच लाकूड कापते का, की नुसतं चित्र काढते? मी तुझे फोनवरचे फोटो दाखवले. त्यांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला रंधा काढून आणला आणि म्हणाल्या, “भितीला टांगायला न्हाई देत मी. लाकडाला लागत असंल तर घिऊन जा.” तुझ्या वतीनं मी शब्द दिलाय. दुकानापेक्षा असं घर बरं, हे मला तिथे कळलं. हत्यार कसं वापरलं ते माहीत असलेलं माणूस अजून तिथे असतं.

आता तुला एक सांगितलं पाहिजे, जे तुझ्या आईवडिलांनी तुला सांगितलेलं दिसत नाही. दादा गेले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोठी माणसं आत बसली होती आणि तुम्हा मुलांना बाहेर पाठवलं होतं. दादांची एक आठवण घरी न्यावी म्हणून मी त्यांची हत्यारांची ट्रंक उघडली. ती रिकामी होती. दादा तुझ्या पप्पांजवळ राहायचे, म्हणून मी राजाला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, भंगारात दिली. सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्याला म्हणाले, “दादांचा जन्म तू भट्टीत घातलास. आजपासून मला भाऊ न्हाई.” पुढे त्याची नाशिकला बदली झाली. तुझा वाढदिवस मला दरवर्षी आठवतो आणि मी दरवर्षी तुझ्या आईला फोन करते, राजाला नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

वाटूरच्याच लोकांनी मला जाफराबादच्या अप्पाराव सुतारांचं नाव दिलं. भरल्या जीपमध्ये कापसाच्या गाठोड्यांशेजारी बसून गेले. अप्पाराव साठीचे असतील. हत्यारं विकायची नाहीत, पण बघायला हरकत नाही म्हणाले, आणि त्यांनी सागवानी पेटीचं झाकण वर केलं. वरच वाकस होता. त्याच्या दांड्यावर तापल्या खिळ्यानं ‘क’ डागलेला होता, आणि तो उलटा वळलेला होता. अक्षता, तो ‘क’ मी डागला होता, दुसरीत असताना. दादा हसले होते, पण त्यांनी तो दांडा कधी बदलला नाही.

मी त्या ‘क’वरून बोट फिरवलं. मी कोण, ते अप्पारावांनी ओळखलं आणि त्यांनाच नवल वाटलं. म्हणाले, “बाई, मी समजत होतो मिस्त्री गेल्यावर तरी तुम्हाला मालूम झालं आसंल. मिस्त्री सवताच घेऊन आल्ते ही हत्यारं. तुमच्या भावाच्या डोक्यावर होती.”

तरुणपणी जाफराबादच्या शाळेच्या छपरावर अप्पारावांनी दादांच्या हाताखाली काम केलं होतं. पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. दादा जायच्या आदल्या वर्षी आपल्या विहाराला नवं दार करायचं ठरलं, तेव्हा समितीच्या बैठकीत मी उठून म्हणाले होते की हे दार माझे दादाच करतील. शहात्तर वर्षांचे होते ते. जाफराबादला लाकूड चांगलं मिळतं म्हणून तिथे जाऊन करतो, असं सांगून वीस दिवस राहिले. मला तेवढंच ठाऊक. खरं असं की त्यांना लाकडावर आखलेली रेघच दिसत नव्हती. पहिली चौकट त्यांनी तिरपी कापली. मग पटाशी अप्पारावांच्या हातात दिली आणि शेजारी बसून राहिले. “सांगत ते होते,” अप्पाराव म्हणाले, “हात माझे होते.” दार झाल्यावर हत्यारं त्यांनी तिथेच ठेवली आणि अप्पाराव व राजा दोघांकडून वचन घेतलं, ज्योत्स्नाला कळू द्यायचं नाही. ती सगळीकडं सांगत फिरते, तिचं तोंड पडेल.

दादांना दिसत नव्हतं आणि मला ते दिसलं नाही. दर रविवारी भेटायला जायचे मी त्यांना. दाराविषयीच बोलायचे.

निघताना अप्पाराव आणखी एक बोलले. तुमचे भाऊ दरसाल येतात, घंटाभर बसतात, एकेका पटाशीला धार लावतात आणि जातात. जाफराबादहून माझं घर दीड तासावर आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: पटाश्या, गुण्या आणि रंधा माझ्याकडे आहेत. अप्पारावांची पेटी मात्र मी मागितली नाही, कारण ते अजून तिच्यातल्या हत्यारांनी काम करतात. पण त्यांनी आपणहून निरोप दिलाय, मिस्त्रींच्या नातीनं महिनाभर इथे येऊन शिकावं; हात बसला तर पेटी तिचीच. तू ये.

इतकं सगळं तुला लिहिलं, पण हे पत्र खरं तर तुझ्यासाठी नाही, बेटा. जाफराबादहून आल्यापासून पाच वेळा राजाचा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. अकरा वर्षांनंतर पहिला शब्द काय बोलायचा, ते सुचत नाही. म्हणून हे पत्र त्याच्या हातात दे. तो घेणार नाही असं वाटलं, तर शेजारी बसून वाचून दाखव. त्याला सांग, मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, तर मागेही सगळ्यांसमोरच घेईन. नातेवाइकांना पुढच्या पौर्णिमेला घरी बोलावलंय. विहाराच्या दारापाशी अजून लोक थांबतात आणि मला म्हणतात, मिस्त्रींनी काय काम केलंय. अप्पारावांचं नाव त्यांना सांगायचं, की दादांची इच्छा राखायची, हे मला एकटीला ठरवता येत नाही. दादांचं ते ओझं राजानं एकट्यानं सांभाळलं. आता मला त्याच्याशी बोलूनच ठरवायचंय. त्यानं यावं. तो येणार नसेल, तर मला घरचा पत्ता कळव, मी येते.

तुझीच,
ज्योत्स्ना आत्या